थकलेलं भाडं पूर्ण भरणाऱ्यांस

इंदूरच्या सर्वधर्म मदत निधीतल्या ताई-दादांना सप्रेम नमस्कार.

मालवा मिलपासून खजराण्यापर्यंत एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणांचा संसार तुमच्यामुळे रस्त्यावर आला नाही. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण तुमची मदत करण्याची पद्धत इतरांनीही उचलावी अशी आहे.

तुम्ही थकबाकी पूर्ण भरता, यातच सगळं आलं. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ प्रमाणे घरमालकाची मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी चुकवावी लागते. तीनपैकी दोन महिन्यांचं भाडं भरलं, तरी खोली खाली करून मागण्याचं कारण उरतंच. प्रकरण कोर्टात गेलं, तर समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात थकबाकी जमा करून पुढचं भाडं दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावं लागतं. म्हणून इकडून तिकडून मिळालेल्या थोड्याथोड्या पैशांनी घर वाचत नाही. तुम्ही आधी नोटिशीची तारीख पाहता आणि मग रक्कम विचारता, तेच बरोबर आहे.

ती पूर्ण रक्कम एका झोळीतून क्वचितच निघते. शिखांचा दसवंध म्हणजे कमाईतला दानाचा दहावा हिस्सा, चर्चमधलं दान, जैन आणि हिंदू घरांतून आलेले पैसे आणि जकात यांतून ती उभी राहते. जकात म्हणजे मुसलमानांनी दरवर्षी दान करायचा बचतीचा चाळिसावा हिस्सा. ती कोणाला द्यायची हे ठरलेलं असतं आणि कर्जात बुडालेला माणूसही त्यात येतो. बहुतेक आलिमांच्या, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांच्या मते ती गरजू मुसलमानांसाठीच आहे, म्हणून तुम्ही तिची वही वेगळी ठेवता आणि बाकीच्यांना सदक्यातून (मुसलमानांच्या ऐच्छिक दानातून) व इतर दानातून देता. देणाऱ्याचा शब्दही राहतो आणि कोणाचं कामही अडत नाही.

पैसे तुम्ही थेट घरमालकाच्या खात्यात टाकता. हातात रोख दिली की ती किराण्याच्या उधारीत किंवा सावकाराकडे जाते. यात कुटुंबाचा बेजबाबदारपणा नसतो. सावकार रोज दारात उभा असतो, एवढंच. लेखी करार नसलेल्या खोलीसाठी बँकेतली ती नोंद हाच भाडेकरू असल्याचा पुरावा होतो. शिवाय कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंतचं भाडं मिळालं आणि आजअखेर बाकी नाही, अशी सहीची पावती तुम्ही घेता. नाहीतर पैसे घेऊनही खोली खाली करायला लावतात. सबमीटरचा फोटोही घेता, कारण विजेचे पैसे भाड्यात मिसळले की थकबाकी फुगते.

एकदा खोली सुटली की नवीन डिपॉझिट, आगाऊ भाडं, टेम्पो, समग्र आयडी (मध्यप्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि रेशनवरचा पत्ता, मुलांची शाळा, सगळं अंगावर येतं. रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, रात्रीची सोय होते, पण बायका-पुरुषांची व्यवस्था वेगळी असली की कुटुंबाची ताटातूट होते.

एक विनंती. पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास तुम्ही भाडेकरूला जो फोन करता, तो निदान तीन महिने चालू ठेवा. कोर्टात पैसे भरून एकदा संरक्षण मिळवलेल्या भाडेकरूने पुन्हा सलग तीन महिने भाडं थकवलं, तर कायदा ती सवलत दुसऱ्यांदा देत नाही.

आपले,
इंदूरच्या वस्त्यांत भाडेकरूंसोबत काम करणारे मराठी कार्यकर्ते