समन्सवरची तारीख आधी बघ

प्रिय वृंदा,

तुझं पत्र वाचलं. नवऱ्याने टाकलेल्या केसमध्ये वकील न लावता स्वतः उभी राहायचं ठरवलंस, ते मला पटलं. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा तसाही कुणाचा हक्क नाही. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ हेच सांगतं. न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच वकील उभा राहतो. मला काळजी वाटते ती तिथल्या भाषेची. माझ्या केसच्या वेळी एक सवय फार उपयोगी पडली: शब्द नवा दिसला की अर्थाआधी विचारायचं, यात मला काय करायचंय आणि कधीपर्यंत?

समन्ससोबत याचिकेची प्रत आली असेल. तुझं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवस मिळतात, कारण पटलं तर ९० दिवसांपर्यंत. याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर दे, कबूल की नाकबूल ते स्पष्ट लिही. ज्या आरोपाला उत्तर नाही, तो तुला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. आणि तू हजरच झाली नाहीस, तर केस ‘एकतर्फी’ चालते, म्हणजे फक्त नवऱ्याचंच ऐकून निकाल.

त्याने मध्येच एखादा अर्ज दिला की न्यायाधीश त्यावर लिहितात, ‘सामनेवाल्याने म्हणणे द्यावे’. कोर्टात सगळे याला ‘से’ म्हणतात. ‘से दिला का?’ असं कारकुनाने विचारलं तर गोंधळू नकोस, त्या अर्जावर तुझं लेखी म्हणणं मागतायत.

सर्वांत जपायचं ते पुरावा बंद करायच्या पुरसीसला. पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, साधा अर्धा कागद असतो. ‘मला आणखी पुरावा द्यायचा नाही’ एवढीच ओळ, खाली तुझी सही. ती दिलीस की तुझा पुरावा बंद. एखादा साक्षीदार किंवा बँकेचा उतारा राहिला असेल, तर परवानगीसाठी पुन्हा अर्ज करत बसायचं. तेव्हा कुणी कितीही घाई केली तरी वाचल्याशिवाय सही नाही.

उलटतपासणीत प्रश्न जोडून येतात. ‘तुम्ही भांडण केलंत आणि घर सोडून गेलात, हे खरं आहे ना?’ भांडण झालं असेल, पण घर तू सोडलेलं नाहीस. अशा वेळी एका ‘हो’त दोन्ही गोष्टी कबूल होतात. पहिल्या भागाचं उत्तर वेगळं दे, दुसऱ्याचं वेगळं. जबाब टाइप झाला की सही करण्याआधी ओळ न् ओळ वाच. चुकीचं उतरलं असेल तर तिथल्या तिथे सांग.

पोटगीचं थोडक्यात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ म्हणजे केस चालू असेपर्यंतची पोटगी आणि कोर्टाचा खर्च. कलम २५ म्हणजे कायमची. तुला आत्ता २४चा अर्ज हवा. दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये तसं सांगितलंय. त्याच्या शपथपत्राची प्रत मागून घे आणि आकडे तपास. मला वाटतं, तुझ्या केसमध्ये खरी लढाई इथेच आहे.

एकटीने झेपेना असं वाटलं, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यात कमीपणा मुळीच नाही.

याचिकेच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागच्या बाजूचेसुद्धा. कैफियतीचा कच्चा मसुदा तू लिही, मी परिच्छेद ताडून बघते.

तुझी,
मीरा