आरव्हीच्या टाकीतले पाणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे-जूनमध्ये महाराष्ट्रातून अनेक आईवडील अमेरिकेतल्या मुलांकडे येतात आणि त्यांना घेऊन आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, फिरायला जाण्याचे बेत ठरतात. त्या गाडीतल्या पाण्याविषयी हे पत्र आहे.

मी राहतो त्या मिनेसोटात कडाक्याच्या थंडीने नळ्या फुटू नयेत म्हणून हिवाळ्याआधी गाडीतले पाणी काढून नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत सहजी न गोठणारा द्रव) भरतात. वसंतात ते धुऊन काढले की काम संपले, असा समज आहे. गेल्या वर्षी आम्हांला भाड्याने मिळालेली गाडी अशीच नुसती धुतलेली होती. पाण्याला कुबट वास आल्यावर विचारले, तर पाणी स्वच्छ दिसते आहे ना, एवढेच उत्तर मिळाले. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या टाकीत आणि नळ्यांत बुळबुळीत थर धरतो व तो साध्या पाण्याने निघत नाही. पिण्यासाठी बाटलीचे पाणी घेतले तरी भागत नाही, कारण साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारे लिजिओनेला जिवाणू शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि वृद्धांना त्यांपासून न्यूमोनियाचा धोका अधिक असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. अँटीफ्रीझ पूर्ण धुऊन, पाण्याचा फिल्टर काढून, टाकीच्या दर १५ गॅलनला (सुमारे ५७ लिटर) पाव कप साधे, सुगंध न घातलेले घरगुती ब्लीच (कपडे पांढरे करणारे क्लोरीनचे द्रावण) आधी पाण्यात मिसळून ओतावे, टाकी भरावी आणि गरम-थंड प्रत्येक नळ, शॉवर व शौचालय यांतून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडून किमान चार तास तसेच ठेवावे. हिवाळ्यात वॉटर हीटर वगळण्यासाठी फिरवलेला व्हॉल्व्ह मात्र आठवणीने पूर्ववत करावा. तो तसाच राहिला तर जिथे पाणी कोमट राहते तिथेच क्लोरीन पोहोचत नाही. ही चूक मी स्वतःही केली आहे. या सगळ्या वेळात हीटर बंदच असावा, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. शेवटी सारे पाणी सोडून, वास जाईपर्यंत टाकी व नळ्या पुन्हा धुवाव्यात.

गाडी भाड्याने घेणाऱ्या मुलांनी किल्ली हाती घेण्यापूर्वी मालकाला एवढे विचारावे : यंदा टाकीत ब्लीच घातले होते का, आणि ते किती तास ठेवले होते?

आपला,
एक वाचक, मिनेसोटा