माझ्या पेपरच्या दिवशी काकांची हजेरी लावणाऱ्या तुम्हा सर्वांना

आदरणीय मॅडम आणि कर्मचारी निधी समितीतील सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

माझे पेपर लिहून देणारे तुमच्या कारखान्यातले काका या महिनाअखेरीला निवृत्त होताहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी लिहून द्याल का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. दोन ओळींत काही ते बसेना. शिवाय मला जे सांगायचंय ते एकट्या काकांबद्दल नाही, तुमच्या निधीबद्दलही आहे. आणि ते इतर कंपन्यांतल्या लोकांच्याही कानावर जावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे. कंपनीचं आणि कुणाचंही नाव घालू नका असं तुम्ही म्हणालात, ते पाळते.

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. ज्यांना आमच्या परीक्षा ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी उत्तर तोंडानं सांगायचं आणि शेजारी बसलेल्या लेखनिकानं ते उत्तरपत्रिकेत उतरवायचं, अशी आमची परीक्षा असते. मी शिकत होते तेव्हा केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आम्हाला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायची, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालायचा. लेखनिक आपला आपण आणायचा असेल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली लागायचं. नियम चांगला होता, त्यामागचं कारणही मला पटतं. पण बीएच्या मुलीनं लेखनिक शोधायचा कुठे? बारावी झालेल्या मुलामुलींत. त्यांच्याही परीक्षा त्याच मार्च-एप्रिलमध्ये आणि त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोकरी करणाऱ्यांना विचारावं तर पेपर मंगळवारी सकाळी दहाला असतो, आणि त्या वेळी त्यांना कामावर असावं लागतं. परीक्षेच्या आधीचा महिना आम्ही अभ्यासापेक्षा फोन करण्यात जास्त घालवतो.

बीएच्या दुसऱ्या वर्षी माझी लेखनिक ऐनवेळी येऊ शकली नाही. तिची स्वतःची तोंडी परीक्षा त्याच दिवशी लागली होती. तिचा काहीच दोष नव्हता, फोनवर ती रडत होती. मी वर्गात बाकावर बसले होते, प्रश्नपत्रिका मांडीवर होती, बाकीच्यांच्या पेनांचा आवाज येत होता. त्या विषयाचा अभ्यास माझा पक्का झाला होता. अर्ध्या तासानं पर्यवेक्षकांनी हळूच विचारलं, ‘कुणी येणारेय का, बाळ?’ मी नाही म्हणाले आणि उठले. निकालात त्या विषयापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा आला. मी तर तिथे हजर होते. तो शब्द मला बरीच वर्षं टोचत राहिला.

एमएला प्रवेश घेतला तेव्हा एक गोष्ट सोपी झाली, आता पदवीधर लेखनिक चालणार होता. आम्हा अंध विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेनं तुमच्या भोसरीच्या कारखान्यात सूचना लावली आणि मेंटेनन्समधल्या काकांनी नाव दिलं. नोकरी करता करता बहिःस्थ विद्यार्थी म्हणून त्यांनी बीकॉम केलं होतं. पहिल्या पेपरला ते तासभर आधी आले. ‘बेटा, मराठी साहित्यातलं मला काही कळत नाही, पण तू सांगशील ते जसंच्या तसं उतरवीन’, एवढंच म्हणाले. पेपर झाल्यावर पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, ‘अक्षर अगदी मोत्यासारखं आहे हो.’ मला दिसत नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उत्तरपत्रिकेचं कुणी कौतुक केलं होतं.

काका प्रत्येक शंका विचारायचे. ‘पहिली वेलांटी की दुसरी?’ ‘उकार कुठला?’ घाईत ठोकून द्यायचं असं त्यांनी एकदाही केलं नाही. एकदा बाहेर व्हरांड्यात बसलो असताना त्यांनी विचारलं, ‘तुला दिसत नाही, मग वेलांटी कशी पाठ असते?’ मी पिशवीतून ब्रेलची पाटी काढली आणि त्यांचं बोट धरून दाखवलं. सहा टिंबांच्या घरात दुसरं आणि चौथं टिंब उठलं की ऱ्हस्व, तिसरं आणि पाचवं उठलं की दीर्घ. म्हणजे पहिली आणि दुसरी वेलांटी आम्हाला बोटाला वेगवेगळी लागते. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन कच्चं राहतं ते याचमुळे, कानाला दोन्ही सारख्याच. काकांनी बराच वेळ त्या टिंबांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘आमच्याकडे बेअरिंग घासलंय का ते असंच बोटानं बघतात.’ तेव्हापासून मला ते परके वाटेनासे झाले.

आता दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या पेपरचं सांगते, कारण तुमचे आभार मानायचं मुख्य कारण तिथे आहे.

त्या दिवशी काका आले तेव्हा त्यांच्या हाताला ग्रीसचा आणि साबणाचा मिसळलेला वास येत होता. एरवी यायचा नाही. मी विचारलं, तर ‘झोप झालीय, तू पेपराचं बघ’ म्हणाले. पहिले दोन प्रश्न नीट गेले. लेखनिकाच्या पेनाचा आवाज आम्ही सतत ऐकत असतो. तो किती मागे आहे, वाक्य संपलं की नाही, ते आम्हाला त्यावरूनच कळतं. तिसऱ्या प्रश्नात तो आवाज लांबू लागला. एक शब्द, मग थोडी शांतता, मग अर्धा शब्द. प्राचीन मराठी गद्यावरचा प्रश्न होता, मी जुनी रूपं एकेक अक्षर फोडून सांगत होते. मध्येच आवाज थांबला तो थांबलाच. मी हळूच ‘काका’ म्हटलं. त्यांनी दचकून पेन उचललं आणि ‘माफ कर बेटा, पुन्हा सांग’ म्हणाले. नंतर ते उठून उभे राहिले आणि पेपर संपेपर्यंत बाकावर वाकून उभ्यानंच लिहीत होते. बसलो तर डोळा लागेल, या भीतीनं.

बाहेर आल्यावर खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. सकाळी सातला सुटून, तोंड धुऊन, दोन बस बदलून ते थेट शिवाजीनगरला केंद्रावर आले होते. त्या सत्राचे आधीचे दोन्ही पेपर त्यांनी असेच लिहिले होते आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. रजा का नाही घेतलीत, म्हटलं, तर म्हणाले, ‘रजा मुलीच्या लग्नात संपली.’

त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, मॅडम. हातापायाला कंप होता. तुमचा निधी तेव्हा आमच्या संस्थेला पैसे देत होताच. ज्यांच्या पैशावर आपली पुस्तकं होतात त्यांच्याकडे आणखी मागायचं कसं, असं वाटत होतं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. निधी पैशाचा आहे, रजा आमच्या हातात नाही, हे तुम्ही खरं ते सांगितलंत, आणि त्यापुढे म्हणालात, ‘पण मी विषय समितीत मांडते.’ असं बरेच जण म्हणतात. तुम्ही मांडलात. प्लांटच्या साहेबांना, युनियनच्या लोकांना एकत्र बसवलंत. पुढच्या सत्राच्या आधी निर्णय आला: लेखनिक म्हणून जाणाऱ्याची त्या दिवसाची ओडी, म्हणजे ‘ऑन ड्यूटी’ अशी हजेरी लागेल, पगार कापला जाणार नाही, आणि आदल्या रात्री त्याला रात्रपाळी दिली जाणार नाही.

यातलं शेवटचं वाक्य मी संस्थेत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ओडी देणं कुणालाही सुचेल. आदल्या रात्रीचा विचार तोच करतो ज्यानं त्या माणसाची सकाळ डोळ्यांसमोर आणली आहे.

मी हे का लांबवते आहे, तर कंपन्या समाजकार्य कायद्यानं करावंच लागतं म्हणून करतात, असं लोक सरसकट बोलतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मी मुद्दाम वाचून घेतलं. ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, हे त्यात आहे आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. पण कर्मचाऱ्यानं दिलेल्या वेळाची किंमत काढून ती त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असं सरकारनं स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे काकांचा माझ्याशेजारचा एकही तास तुमच्या कंपनीला त्या हिशेबात दाखवता येणार नव्हता. तरी तुम्ही तो दिलात, पगारी दिलात.

पैशांचंही सांगायला हवं. तुमच्याकडचे कामगार पगारातून महिन्याला पन्नास-शंभर रुपये देतात, दिवाळीआधी कँटीनच्या दारात आमच्या मुलींनी केलेल्या मेणबत्त्या विकायला स्वतः उभे राहतात, आणि जेवढे जमतील तेवढेच निधी वरून घालतो. शिवाय कुणी सेवेचे तास दिले की त्या तासांप्रमाणे ठरलेली रक्कम संस्थेला येते. काका त्या फॉर्मवर दर वेळी तीनच तास लिहायचे. जादा वेळ, प्रवास काही नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा ‘पेपर तीन तासांचाच असतो ना’ म्हणाले होते, हे तुम्हीच मला सांगितलंय.

त्या पैशांतून संस्थेनं चांगला स्कॅनर घेतला आणि एमएची संदर्भपुस्तकं संगणकावर आणायला सुरुवात केली. स्कॅन करून संगणकानं ओळखलेलं मराठी ऐकणं म्हणजे काय असतं ते आम्हालाच ठाऊक. रफार गळतो आणि ‘धर्म’चा ‘धम’ होतो, ‘अर्थ’चा ‘अथ’. जोडाक्षरं फुटतात, तळटीप वाक्याच्या मधोमध येते. ब्रेलमध्ये रफार डोक्यावर चढत नाही, अर्धा र ओळीतच आपल्या जागी बसतो, त्यामुळे तो गळला की आम्हाला लगेच खटकतं. पण गळलेलं ठिकाण कुठलं आणि मूळ शब्द काय, हे छापील पान पाहणाऱ्याशिवाय कोण सांगणार? तुमच्या पेंट शॉपमधल्या, स्टोअर्समधल्या, अकाउंट्समधल्या लोकांनी घरी बसून, मुलांचा अभ्यास घेऊन झाल्यावर, पानापानानं ते दुरुस्त केलं. एका ताईंनी एका फाइलच्या शेवटी लिहिलं होतं: ‘पान ११२ वर शाईचा डाग आहे, दोन शब्द वाचता येत नाहीत, क्षमस्व.’ डाग पडलेल्या दोन शब्दांसाठी क्षमा मागणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. त्या ताई कोण, हे मला अजून माहीत नाही. हे पत्र त्यांनाही आहे.

चार सत्रांचे मिळून १६ पेपर काकांनी लिहिले. शेवटच्या पेपराला वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी माझं सांगून झालं. मी म्हटलं, काका, झालं, द्या. तर म्हणाले, ‘थांब, एकदा वाचून दाखवतो.’ आणि पूर्ण शेवटचं उत्तर त्यांनी मला हळू आवाजात वाचून दाखवलं. साहित्यातलं काही कळत नाही म्हणणाऱ्या माणसानं त्यातली ओवी अगदी चालीत वाचली. घरी दर वर्षी पारायण असतं, म्हणे. दोन वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आज मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्या दुरुस्त केलेल्या फाइली माझ्याकडून आणखी तीन मुली घेऊन गेल्या आहेत. महिन्याला जमेल ती रक्कम मीही संस्थेत भरते, आणि ‘कर्मचारी नाही, तरी जोड मिळेल का’ असं मी विचारलं तेव्हा तुम्ही समितीची परवानगी काढून त्यावरही निधीची जोड दिलीत. त्याचेही आभार मानायचे राहिले होते.

एक विनंतीही आहे. माझी एक विद्यार्थिनी यंदा एमएच्या पहिल्या वर्षाला आहे, इतिहास घेऊन. एप्रिलमध्ये तिचे चार पेपर आहेत, चारही कामाच्या दिवशी, सकाळी. काकांच्या जागी कोण येईल याची ती रोज चौकशी करते. मी तिला सांगितलंय की मॅडम विषय मांडतील. वेळापत्रक सोबत जोडलं आहे.

निरोपाच्या दिवशी मी येते आहे. सोबत एक जाड कागद आणीन. काकांनी लिहिलेल्या सोळा पेपरांची नावं त्यावर ब्रेलमध्ये ओळीनं उतरवली आहेत. त्यांना ती वाचून दाखवायची आहेत, त्यांचंच बोट धरून. तुम्ही त्यांना आधी सांगू नका. पहिली पाळी सुटते तेव्हा, साडेतीनला, गेटवर असेन. सिक्युरिटीकडे माझ्या नावाचा पास तेवढा करून ठेवा.

आपली कृतज्ञ,
काकांची सोळा पेपरांची परीक्षार्थी