सिगार सांभाळणं आणि सिगार मुरवणं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची लाकडी पेटी, सोबत पंचवीस सिगारचं खोकं, आणि पत्राच्या शेवटी तुझे तीन प्रश्न: पेटीत पाणी किती घालायचं, एका सिगारवर दिसणारी पांढरी भुकटी कसली, आणि हे सगळे सिगार किती वर्षं ठेवता येतील. फोनवर दोन मिनिटांत उत्तरं देता आली असती. पण या विषयात घाईने सांगितलेलं अर्धवट लक्षात राहतं, आणि त्यातून चांगले सिगार वाया जातात. म्हणून निवांत बसून लिहितोय.

सगळ्यात आधी, त्या नव्या पेटीत अजून एकही सिगार ठेवू नकोस. आतलं अस्तर बहुधा स्पॅनिश सीडरचं, म्हणजे महोगनीच्या कुळातल्या सेड्रेला ओडोराटा या झाडाचं असणार. हे लाकूड ओल धरून ठेवतं आणि लागेल तशी सोडतं, शिवाय त्याचा वास तंबाखूशी छान जुळतो. पण नवी पेटी येते ती कोरडी ठणठणीत. तिच्यात सिगार ठेवले की लाकूड आपली तहान सिगारमधल्या ओलीवर भागवतं. काहीजण ओल्या फडक्याने पेटी आतून पुसून घ्यायला सांगतात. तू ते करू नकोस. पाणी एका जागी जास्त लागलं की लाकूड फुगतं, वाकतं, आणि झाकण पुन्हा कधी नीट बसत नाही. त्यापेक्षा आर्द्रता राखणाऱ्या ज्या पुड्या मिळतात (बोवेडा कंपनीच्या सहज मिळतात), त्यातली ८४ टक्क्यांची आत ठेव, झाकण लाव आणि दोन आठवडे पेटी उघडू नकोस. तोवर सिगार रबरी कड असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, ६५ टक्क्यांच्या पुडीसोबत राहू देत.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. पाणी घालायचंच नाही. या पुड्यांमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण असतं आणि बाहेरून वाफ ये-जा करू शकेल असं आवरण. हवा कोरडी झाली की पुडी ओल सोडते, दमट झाली की शोषून घेते. पेटीच्या झाकणाला जो स्पंजचा डबा चिकटवलेला असतो तो फक्त ओल देतो, परत घेत नाही. तो काढून ठेव. कधी वापरावाच लागला तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाल. नळाच्या पाण्यातले क्षार स्पंजची छिद्रं बुजवून टाकतात.

आता पेटीच्या पुढच्या बाजूला बसवलेला तो पितळी काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र. दिसायला देखणा, पण असे काटेवाले बरेचदा चार-पाच टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त चुकतात. एक छोटा डिजिटल घे आणि त्याचीही परीक्षा घे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भर, त्यावर थेंब थेंब पाणी सोड, मीठ ओल्या वाळूसारखं झालं की थांब. हे झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही झिपवाल्या पिशवीत ठेवून पिशवी बंद कर आणि दिवसभर एका जागी राहू दे. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा घरातल्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा स्वभाव आहे. हायग्रोमीटरने ७२ दाखवले तर तो तीनने कमी सांगतो एवढं लक्षात ठेवायचं. मीठ पूर्ण विरघळू मात्र देऊ नकोस. द्रावण पातळ झालं की आकडा वर सरकतो आणि परीक्षा फुकट जाते.

आकडा कोणता धरायचा यावर लोक हिरीरीने वाद घालतात. जुना नियम ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस. लक्षात राहायला सोपा आहे, पण माझ्या मते ७० टक्के जरा जास्तच होतात. ६५ च्या आसपास सिगार सारखा जळतो, ओढायला मोकळा लागतो आणि बुरशीची धास्ती कमी होते. पण खरं महत्त्व स्थिर राहण्याला आहे. आज ६२, उद्या ७२, परवा पुन्हा ६३ असं झालं की पानं फुगतात, आकसतात, पुन्हा फुगतात. सगळ्यात बाहेरचं पान, रॅपर, फार पातळ असतं. आत भरलेली पानं, म्हणजे फिलर, फुगली की तेच आधी उकलतं, बहुधा पेटवायच्या टोकापासून. आणि आर्द्रता सापेक्ष असते, तापमानाबरोबर बदलते, हे विसरू नकोस. गरम हवेत जास्त वाफ मावते, म्हणून नुसता टक्का पाहून उपयोग नाही. पेटी खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर किंवा उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून नको. घराच्या मधल्या खोलीतलं बंद कपाट उत्तम. फ्रिजमध्येही नको, तिथली हवा कोरडी असते आणि सगळे वास तंबाखूत शिरतात.

झाकण नीट बसतंय का तेही बघून घे. रात्री दिवे घालवून पेटीत पेटता टॉर्च ठेव आणि झाकण लाव. फटीतून उजेडाची रेघ दिसली तर ओलही तिथूनच जाणार. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नकोस. चार सिगार हाताशी ठेवायला पेटी वापर आणि बाकीचे डब्यातच राहू देत. सिगार नीट ठेवणारी मंडळीसुद्धा मोठा साठा अशा साध्या डब्यांमध्येच करतात.

यंत्रापेक्षा आपली बोटंही पुष्कळ सांगतात. सिगार अंगठा आणि तर्जनीमध्ये आडवा धर आणि अगदी हलकं दाब. दाबलेली जागा सावकाश पूर्ववत झाली, तर ठीक आहे. कानाजवळ नेल्यावर बारीक करकर ऐकू आली तर वाळलाय. बोटाखाली स्पंजासारखा मऊ लागला आणि खळगा तसाच राहिला तर ओल जास्त झालीय. वाळलेला सिगार एकदम दमट जागी टाकायचा नाही. आधी ६२ ची पुडी, काही आठवड्यांनी ६५ ची. घाई केली तर बाहेरचं पान चरकन फाटतं. ओल परत येते, पण वाळताना उडून गेलेली तेलं आणि त्यांच्यासोबत गेलेला वास परत येत नाही.

आता ती पांढरी भुकटी. सिगार तिरप्या उजेडात धर आणि भिंगातून बघ. केसाळ, कापसासारखे धागे दिसले, किंवा ठिपके निळसर-हिरवट असले, तर ती बुरशीच. बरेच लोक अशा पांढरेपणाला ‘प्लूम’ म्हणतात. आतली तेलं बाहेर येऊन त्यांचे स्फटिक झाले, सिगार छान मुरल्याची ही खूण, असं मानतात. मला ते पटत नाही. कौतुकाने दाखवलेल्या बहुतेक ‘प्लूम’मध्ये भिंगाखाली धागेच निघतात. भुकटी फक्त रॅपरवर असेल आणि कोरड्या फडक्याने पुसून डाग राहत नसेल तर तो सिगार वेगळ्या डब्यात ठेवून लक्ष ठेव. पेटवायच्या टोकाला, आतल्या पानांमध्ये पांढरं दिसलं तर टाकून दे. तो ओढायचा नाही.

बुरशीपेक्षा मला किड्याची भीती जास्त वाटते. लासिओडर्मा सेरिकॉर्ने नावाचा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा तंबाखूत अंडी घालतो. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि पानांवर एवढी प्रक्रिया होऊनही कधीकधी तगून राहतात. तापमान २४-२५ अंशांच्या वर बराच काळ राहिलं की अंड्यांतून अळ्या निघतात आणि पोखरत सुटतात. मग रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात, खोक्याच्या तळाशी बारीक भुसा पडतो, आणि एका सिगारवरून सगळा साठा जातो. बरेच कारखाने माल पाठवण्याआधी गोठवून घेतात, पण तुझं खोकं कुठून कसं आलं ते आपल्याला माहीत नाही. त्यामुळे एकदा गोठवून घे. दोन पिशव्यांमध्ये हवाबंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान तीन-चार दिवस, परत एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मगच बाहेर. पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं. फ्रिजमधला मुक्काम टाळलास तर झटक्याने थंड-गरम होऊन पान तडकतं.

इथवर सांगितलं ते सांभाळण्याबद्दल. तुझा तिसरा प्रश्न मुरवण्याचा आहे, आणि ती गोष्ट वेगळी. सांभाळायचं म्हणजे आज आहे तसा सिगार राखायचा. मुरवायचं म्हणजे त्याला बदलू द्यायचं. प्रत्येक सिगार त्या लायकीचा नसतो, हे मी ठासून सांगतो.

पानं खुडल्यावर आधी वाळवतात, मग त्यांचे मोठाले ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता तयार होते, पानं आंबतात आणि अमोनिया बाहेर पडतो. सिगार वळून झाल्यावरही ही क्रिया पूर्ण थांबत नाही, फक्त फार मंद होते. म्हणून ताज्या सिगारच्या डब्यात कधी नाकाला झोंबणारा वास येतो, आणि पहिले काही महिने तो सिगार कडवट, बेचव लागू शकतो. तसा वास आला तर महिन्यातून एकदा डबा थोडा वेळ उघडा ठेव. वास गेला की पुढे जितका कमी उघडशील तितकं बरं. वर्षभरात तिखटपणाची धार उतरते. मग वेगवेगळ्या पानांचे वास एकमेकांत मिसळू लागतात, आणि आधी सुटासुटा जाणवणारा मिरीचा, लाकडाचा, चामड्याचा वास एकत्र येतो. ज्याच्यात मुळात जोर आहे, म्हणजे रोपाच्या शेंड्याकडची जाड, तेलकट लिगेरो पानं भरपूर आहेत, तो पाच-दहा वर्षांत सुरेख होतो. जो मुळातच सौम्य आहे, फिकट कनेक्टिकट रॅपरचा, तो दोन-तीन वर्षांत फिका पडतो. आणि जो आज सुमार आहे तो दहा वर्षांनी जुना सुमार होतो. मुरवल्याने धार जाते, नसलेली चव येत नाही.

किती टिकू शकतात म्हणशील, तर फेब्रुवारी १९६२ मधलं उदाहरण घे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. हुकुमावर सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांना पेटीट उपमन नावाचे एक हजार क्यूबन सिगार जमवायला सांगितलं. सॅलिंजर यांनी बाराशे आणले आणि मग सही झाली, असं त्यांनीच पुढे लिहिलं. त्या बंदीच्या आधी अमेरिकेत पोहोचलेले क्यूबन सिगार साठ वर्षं उलटली तरी लिलावात येतात आणि जपून ठेवलेले ओढताही येतात. पण टिकणं म्हणजे रंगात असणं नव्हे. अशा सिगारमध्ये बहुधा एक नाजूक, सुकल्या फुलांसारखा वास उरतो, जोर राहत नाही. कुणाला तेच भावतं. मला थोडी धग शिल्लक असलेला आवडतो.

मुरवायचं असेल तर तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ६२ ते ६५, अंधार, आणि हात लावायचा नाही. सिगार मूळ खोक्यातच राहू देत आणि ते खोकं हवाबंद डब्यात. सेलोफेन काढायची गरज नाही. त्यातून वाफ सावकाश ये-जा करते, आणि वर्षं गेली की ते आतल्या तेलांनी पिवळसर पडतं. त्याच्याकडे बघून वयाचा अंदाज येतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या असतील तर टोपणं सैल कर. सुगंध लावलेले, व्हॅनिला वगैरे घातलेले सिगार या डब्याच्या जवळपासही नकोत. त्यांचा वास बाकीच्यांना लागला की जात नाही. तुझं खोकं क्यूबाचं असेल तर ते उलटं करून तळ बघ. तिथे कारखान्याच्या खुणेबरोबर स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि साल उमटवलेलं असतं: ‘एनेरो’ची पहिली तीन अक्षरं जानेवारीची, ‘अगोस्तो’ची ऑगस्टची. तेव्हापासून वय मोजायचं. दुसऱ्या कुठल्या देशाचं असेल तर खोकं हाती आलं ती तारीख चिठ्ठीवर लिहून आत ठेव.

तुझ्याकडे पंचवीस एकसारखे आहेत, ही मोठीच सोय आहे. गोठवून झाल्यावर महिनाभर विसावू दे, मग एक ओढ आणि काय वाटलं ते दोन ओळींत लिही. सहा महिन्यांनी दुसरा, वर्षाने तिसरा. एखाद्या वेळी वाटेल की हा आता पुरता रंगात आलाय. मग मात्र आणखी ठेवत बसू नकोस, उरलेले त्या वर्षा-दोन वर्षांत संपव. ओढायच्या आदल्या दिवशी तो सिगार डब्यातून काढून पुडी नसलेल्या लाकडी खोक्यात ठेवलास तर वरवरची ओल उतरते आणि तो एकसारखा जळतो.

तू महिन्याकाठी एखादाच ओढतोस, ते तसंच राहू दे, वाढवू नकोस. धूर छातीत घेतला नाही तरी सिगारमुळे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. नातवंडं घरी येतात, तेव्हा डबा कुलपात असू दे. लहान मुलाने एखादं पान नुसतं चघळलं तरी विषबाधा होऊ शकते.

तर आधी मिठाची परीक्षा कर आणि हायग्रोमीटरने काय आकडा दाखवला तो कळव. भिंगातून काय दिसलं तेही लिही, जमलं तर फोटो पाठव. त्यावरून ६२ च्या पुड्या घ्यायच्या की ६५ च्या ते ठरवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव