कवयित्रीमागची शिक्षणतज्ज्ञ

महोदय,

रविवार पुरवणीतील प्रशांत महासागरातील कवींवरच्या लेखात टोंगाच्या कोनाई हेलू थामन यांना केवळ कवयित्री म्हणून दोन ओळींत उरकले आहे, ते खटकले. फिजीतील साउथ पॅसिफिक विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. टोंगात सुवासिक फुले खुडतात, ओवतात आणि तयार हार स्वतःकडे न ठेवता दुसऱ्याला देतात. याच तीन पायऱ्यांवर त्यांनी 'काकाला' (म्हणजे सुवासिक फुलांचा हार) ही शिक्षणाची चौकट उभारली, आणि १९९३च्या कवितासंग्रहालाही तेच नाव दिले. १९८८चा त्यांचा पीएच.डी. प्रबंधही टोंगातील सांस्कृतिक मूल्ये व शिक्षकाची भूमिका यांवरच आहे. (प्रबंध वाचतो कोण, हा भाग निराळा!) कविता आणि शिक्षणविचार इतके एकजीव असताना निम्म्याच बाई वाचकांपुढे का आणल्या?

— एक वाचक, सातारा