क्लेमेंटाइनचं गाणं चित्रपटाच्या आधीचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जॉन फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ (१९४६) या चित्रपटावर आलेला लेख वाचला. जुन्या वेस्टर्नवर (अमेरिकी काउबॉयपटांवर) मराठीत कुणी इतकं भरभरून लिहितं याचाच आनंद झाला. पण त्यातली दोन विधानं सोडून द्यावीशी वाटेनात. एक म्हणजे ‘ये है बॉम्बे मेरी जान’ची चाल ओ. पी. नय्यर यांनी या चित्रपटातून उचलली. दुसरं, ‘क्लेमेंटाइन’ या मूळ अमेरिकी लोकगीताशी चित्रपटाचा संबंध नावापुरताच आहे.

पहिल्याचा निकाल पटकन लागतो. मी मुलांना माउथ ऑर्गन शिकवतो. नवीन मुलाला सी पट्टीवर पहिली चाल देतो ती या लोकगीताचीच. चौथ्या घरात तीन फुंका, मग तिसऱ्यात एक. सा सा सा, खालचा प, ग ग ग सा. पहिल्या ओळीत श्वास आत ओढायचा तो फक्त म आणि रेसाठी. तेवढं जमलं की पोरं हमखास ओरडतात, “सर, हे तर जॉनी वॉकरचं!” मग त्यांना सांगावं लागतं, की ते गाणं ज्यात आहे तो ‘सी.आय.डी.’ १९५६ चा, फोर्डचा चित्रपट त्याच्या दहा वर्षं आधीचा, आणि क्लेमेंटाइनचं गाणं पर्सी मॉन्ट्रोझच्या नावावर छापलं गेलं ते १८८४ साली. बुडालेल्या मुलीचं असंच एक गाणं त्याही आधी, १८६३ मध्ये, अमेरिकेत छापलेलं होतं. त्यामुळे नय्यरसाहेबांच्या मुखड्यावर कुणाची छाप असेलच तर ती या लोकगीताची. गीतकार मजरूहनी त्यावर जे शब्द बसवले, ते मात्र अस्सल मुंबईचे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबावं लागेल. गाण्यातली क्लेमेंटाइन ही १८४९ च्या सोन्याच्या लाटेत कॅलिफोर्नियाला गेलेल्या खाणकामगाराची लेक. तिच्या पायांचं माप नऊ नंबरचं, म्हणून चपलांऐवजी हेरिंग माशांची झाकणं नसलेली खोकी! रोज सकाळी नऊ वाजता बदकांना पाण्यावर न्यायची, एक दिवस ठेच लागून पाण्यात पडली. प्रियकराला पोहता येत नव्हतं, तो काठावरून बुडबुडे बघत राहिला. पुढे एका पाठात तर तो तिच्या धाकट्या बहिणीचा मुका घेऊन हिला विसरूनही जातो. थोडक्यात, खोटे अश्रू ढाळणारं थट्टेचं गाणं. फोर्डने त्यातली थट्टा काढून टाकली आणि उरलेलं दुःख खरं मानलं. माझ्या मते संबंध आहे तो हा, आणि तो नावापुरता नाही.

चित्रपटात कोण कुणाला वाचवू शकतं ते बघा. नायक वायट अर्पच्या (हेन्री फोंडा) गुरांची चोरी होते आणि धाकटा भाऊ जेम्स मारला जातो. त्याच्या थडग्यावर १८६४-१८८२ असं कोरलेलं, आणि तिथे बसून वायट त्याच्याशी बोलतो. त्याचा मित्र डॉक हॉलिडे शल्यचिकित्सक, पण स्वतः क्षयाने खोकतो आहे, आणि चिवावा नावाच्या ज्या गायिकेच्या अंगातली गोळी काढतो ती पोरगीही दगावते. त्याची जुनी प्रेयसी क्लेमेंटाइन त्याला शोधत इतक्या दूर आलेली असते, तिला तो परत जायला सांगतो. आणि वायट? न्हाव्याने अंगावर अत्तर फवारलेलं. ती म्हणते, वाळवंटातल्या फुलांचा वास येतोय. हा म्हणतो, तो माझाच, न्हाव्याकडचा! बाकी मनातलं काही ओठावर येत नाही. काठावर उभा राहणारा तो प्रियकर इथे एकटा नाही.

लेखकाने इतिहासाच्या चुका मोजल्या आहेत, त्या बरोबर आहेत. चित्रपटाच्या शेवटी येणारी टूमस्टोन गावातली गोळीबाराची चकमक प्रत्यक्षात २६ ऑक्टोबर १८८१ ची, साधारण अर्ध्या मिनिटाची. तेव्हा शहराचा मार्शल (पोलीसप्रमुख) वायट नव्हे, त्याचा भाऊ व्हर्जिल होता. हॉलिडे दातांचा डॉक्टर, तो १८८७ मध्ये कोलोरॅडोत क्षयाने गेला. चित्रपटातला खलनायक म्हातारा क्लँटन चकमकीच्या आधीच मेला होता. जेम्स तर वायटपेक्षा मोठा, आणि जगला १९२६ पर्यंत. टूमस्टोन अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला, तर फोर्डने ते उभारलं पार उत्तरेला, मॉन्युमेंट व्हॅलीत. पण म्हणून चित्रपटाला नापास करायचं, तर पोवाड्यांचे पेपरही तपासायला घ्यावे लागतील.

मला खटकतं ते वेगळंच. शेवटी वायट निरोप घेतो तेव्हा फोर्डने नुसतं हस्तांदोलन घेतलं होतं. प्रदर्शनाआधीचा चाचणी खेळ पाहिल्यावर स्टुडिओप्रमुख डॅरिल झानकने गालावरचं चुंबन घालायला लावलं. हस्तांदोलनाची ती आधीची आवृत्ती पुढे सापडली, आज बघताही येते. ज्याने गाण्यातली ती बहीण आणि तिचा मुका शहाणपणाने वगळला होता, त्याच्याच चित्रपटात मुका मागच्या दाराने आला! त्यानंतर वायट तिला सांगतो की हे नाव मला फार आवडतं, आणि घोडा वळवतो. हात हातात घेऊन एवढं बोलणं पुरेसं होतं.

आपला,
एक माउथ ऑर्गनवादक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. लेखासोबत छापलेलं रंगीत छायाचित्र या चित्रपटाचं नाही. त्यात बर्ट लँकेस्टर आणि कर्क डग्लस आहेत, म्हणजे ते १९५७ च्या ‘गनफाइट अ‍ॅट द ओ. के. कोराल’चं. त्यातलं फ्रँकी लेनचं गाणं चित्रपटासाठी खास लिहून घेतलेलं होतं. फोर्डचा चित्रपट कृष्णधवल आहे. दुरुस्ती छापणार असाल, तर व्हरांड्यात खुर्ची मागे कलती करून खांबाला पाय लावून बसलेला फोंडा छापा.