पायथनची स्टँडर्ड लायब्ररी: मॉड्यूल काढताना मुदत हवी, घेताना संयम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज पायथन शिकवली जाते. त्यामुळे या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या 'मॉड्यूल' नावाच्या भागांच्या संग्रहात, काय ठेवावे आणि काय काढावे, याचा विचार आपल्याकडील शिक्षकांनीही करायला हवा.

ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 या आवृत्तीतून सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट, ऑडिओऑप अशी 19 जुनी मॉड्यूल एकदम वगळली गेली. 'पेप 594' या पायथनमधील बदलाच्या अधिकृत प्रस्तावात त्यासाठी दिलेली कारणे मला पटतात. यांपैकी अनेकांकडे लक्ष देणारे कोणी उरले नव्हते, काहींची रचना आजच्या सुरक्षिततेच्या कसोटीला उतरत नव्हती, आणि वापरात नसलेला कोड सांभाळण्यात स्वयंसेवकांचा वेळ खर्ची पडत होता. माझा आक्षेप आहे तो मुदतीला. ऑक्टोबर 2022 च्या 3.11 मध्ये ही मॉड्यूल कालबाह्य ठरवली गेली आणि दोन वर्षांत ती गेलीसुद्धा. ज्यांना इंटरनेटवरून पर्यायी पॅकेज (वेगळा इन्स्टॉल करायचा कोड) घेता येते, त्यांना एवढा काळ पुरतो; परंतु जिथे बाहेरचे काहीही इन्स्टॉल करण्याची परवानगी नसते, अशा प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात भाषेबरोबर जे आले तेवढेच हाताशी असते, आणि अभ्यासक्रम व छापील जर्नले तर दोन वर्षांत बदलतच नाहीत. अशा वापरकर्त्यांसाठी किमान पाच वर्षांची पूर्वसूचना हा नियम असावा.

मात्र मूळ प्रश्न मॉड्यूल लायब्ररीत घेतानाच सोडवावा लागतो. एकदा आत आलेल्या मॉड्यूलचा वेग भाषेच्या वार्षिक आवृत्तीशी बांधला जातो आणि त्यातील चुकीच्या रचनेवरही लोक विसंबू लागतात. पॅकेजे तयार व इन्स्टॉल करण्यासाठीच्या डिस्टयुटिल्स या मॉड्यूलचे तेच झाले: त्याच्या अंतर्गत तपशिलांवर इतकी पॅकेजे अवलंबून राहिली की त्यात सुधारणा करणे कठीण झाले, खरी प्रगती त्याच कामाच्या सेटअपटूल्स या बाहेरच्या पॅकेजमध्ये झाली, आणि अखेर 2023 मध्ये 3.12 मधून ते काढावे लागले.

याउलट 2020 मध्ये आलेले झोनइन्फो हे वेळक्षेत्रांचे (टाइम झोनचे) मॉड्यूल मला आदर्श वाटते. कोणत्या देशाने घड्याळ कधी पुढे-मागे करायचे हे तिथली सरकारे ठरवतात आणि अनेकदा ऐनवेळी बदलतात. म्हणून झोनइन्फोने वेळक्षेत्रांची माहिती स्वतःत कोंडून न ठेवता ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून किंवा स्वतंत्र टीझेडडेटा पॅकेजमधून घेण्याची सोय केली. स्थिर तेवढे आत आणि अस्थिर ते बाहेर, ही विभागणी तिथे नेमकी साधली आहे. (विंडोजवर ते स्वतंत्र पॅकेज बहुधा लागते, ही गैरसोय मान्य करावी लागेल.) 2022 च्या टॉमललिब या मॉड्यूलनेही असाच संयम दाखवला: त्याने टॉमल (प्रोग्रामच्या सेटिंग्ज लिहिण्याच्या एका स्वरूपातील) फाइल फक्त वाचण्याचे काम घेतले आणि लिहिण्याचे बाहेर ठेवले.

आणखी एक गोष्ट तातडीने व्हावी. कोणत्या मॉड्यूलची जाण कोणाला आहे, याची यादी पायथनच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शिकेत आहे. ती सामान्य वापरकर्ता क्वचितच पाहतो. प्रत्येक मॉड्यूलच्या डॉक्युमेंटेशनच्या पानावरच त्याची देखभाल कोण करते, किंवा कोणीच करत नाही, हे लिहिलेले असावे. अशा अनाथ मॉड्यूलांच्या चाचण्या आणि डॉक्युमेंटेशन सुधारण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्य करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणकशास्त्र अध्यापक, सांगली